मांजरांसाठी चार मीटर जाळी

रजनीवहिनींनी टॉवेलात गुंडाळलेलं मांजर आणून माझ्या टेबलावर, नेमकं सिमेंटच्या रजिस्टरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मोजा."

"काय मोजू?"

"दातांच्या खुणा. तुम्ही खिळे मोजता, घमेली मोजता, झाडूच्या काड्याही मोजत असाल. हेही मोजा आणि सांगा, कुणाचं काम आहे हे."

मी टॉवेल उघडला. आत बी-सात होती. मानेवर दोन खुणा, पाठीवर तीन, मागच्या पायावर किती ते रक्तानं चिकटलेल्या केसांत कळेना. ती माझ्याकडे असं बघत होती की चावणारा मीच.

"सात-आठ आहेत," मी म्हणालो. "पण दातांवर नाव कोरलेलं नसतं, वहिनी."

"मग तुमच्या मोजण्याचा उपयोग काय?"

त्यांच्या मागं दारात लहानू भांगरे उभा होता, आमच्या वसाहतीचा वॉचमन. तो म्हणाला, "कुत्रीच हायेत सायब. कॅनॉलवरची लेबर गेली, कुत्री हितंच राह्यली."

"परवा तर कोल्हा म्हणालास."

"परवा कोल्हा व्हता."

"आणि सी-दोनचं पिल्लू?"

"त्ये तरसानं नेलं आसंल."

"तू पाहिलंस?"

"नाय. पर तरस हाय."

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. पांगरखोरे धरणाचं काम संपून दोन वर्षं झाली होती. बेचाळीस क्वार्टर्सच्या आमच्या वसाहतीत अकरा कुटुंबं उरली होती. मी तिथं पाडव्यानंतर भांडारपाल म्हणून रुजू झालो. बायको पोरांच्या शाळेपायी संगमनेरला. त्यामुळं दिवसभर स्टोअर सांभाळायचं आणि उरलेल्या वेळात माणसं निरखायची, हा माझा उद्योग. कोण कुणाकडं वाटी घेऊन जातं, कोण मोकळ्या हातानं परत येतं, हे मला न विचारता ठाऊक असायचं.

बदली झाली की क्वार्टर रीतसर ताब्यात द्यावं लागे. बल्ब, नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, सगळं यादीप्रमाणे. त्या यादीत मांजराचा रकाना नव्हता, म्हणून मांजरं मागं राहत. ज्या क्वार्टरात राहिली तोच नंबर त्यांचं नाव. बी-सात ही म्हातारी करडी. सी-दोन ही लेकुरवाळी. आणि ए-एक हा कार्यकारी अभियंत्यांचा बोका. साहेब जाऊन वर्ष झालं तरी हा यायला लागला की आपण खुर्चीतून उठावं अशी त्याची चाल. एकूण सात उरली होती. मी रुजू झालो तेव्हा मोजली होती, तेव्हा अकरा होती.

त्यांना खाऊ घालणाऱ्या एकट्या रजनीवहिनी, ओव्हरसिअर सबनिसांच्या पत्नी. तिशीच्या आसपास वय, लग्नाला आठ वर्षं, घरात मूल नाही. मूल नाही म्हणून मांजरं, असा उलगडा मी पहिल्याच आठवड्यात करून मोकळा झालो होतो.

आता सबनिसांची बदली भंडाऱ्याकडं झाली होती. फेब्रुवारीत आलेली ऑर्डर त्यांनी "घरगुती अडचण" दाखवून पुढं ढकलून घेतली होती. या खेपेला वरून स्पष्ट लिहून आलं होतं, एक जूनला हजर व्हा, नाहीतर कारवाई. तीस मेचा ट्रक ठरला. आणि वहिनींनी जाहीर केलं होतं की मांजरांची सोय लागल्याशिवाय त्या ट्रकात बसणार नाहीत.

"ऐकलंत ना शेजवळ?" सबनीस मला म्हणाले. "बारा वर्षांची नोकरी एका पारड्यात आणि सात मांजरं दुसऱ्यात."

"कुठलं पारडं खाली जातंय?"

"ते तुम्ही आमच्या घरी येऊन बघा. चहा मिळेल याची खात्री नाही."

म्हणून मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला मजाच वाटत होती. वहिनींना बसवलं, लहानूला बसवलं आणि म्हटलं, "चावलं कुणी ते राहू द्या. चावलं कुठं आणि कधी ते सांगा."

एकेक प्रसंग काढला तेव्हा दिसलं की जवळपास सगळे हल्ले दिवेलागणीनंतर, वहिनींच्याच मागच्या अंगणात झाले होते. तिथं त्या भात-मासळी घालून ताटल्या तशाच ठेवत. उरलेल्या वासावर कुत्री येत, कोल्हे येत, आणि ताटलीशेजारी पेंगणारं मांजर आयतं सापडे.

"म्हणजे मीच त्यांना मारते, असं म्हणायचंय?" वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही. पण तुमच्या पंगतीला आणखी पाहुणे येतात, एवढंच."

त्या हसल्या नाहीत. तिथं हसायला हवं होतं असा माझा अंदाज होता.

बी-अकरा हे क्वार्टर रिकामंच होतं. त्याच्या खिडकीची छातीइतक्या उंचीवरची एक काच आम्ही काढली. मांजर उडी मारून आत जाईल, कुत्र्याला ते जमणार नाही. कोल्ह्याला जमेल का, असं मी लहानूला विचारलं तर तो म्हणाला, "कोल्ह्याचा नेम नाय." म्हणून खिडकीखालचे दगड हलवले आणि बाहेर बाभळीच्या फांद्या अशा रचल्या की झेप घ्यायला जागा फक्त एका फळीवर राहील. आत उंच शेल्फ, त्यावर जुनी पोती. खाणं सकाळी आणि चारला, तेही आत. ताटल्या लगेच उचलायच्या. अंगणात शीतही सांडायचं नाही.

पहिले दोन दिवस ए-एक आत शिरेना. तिसऱ्या दिवशी त्यानं सी-दोनला शेल्फवरून ढकललं, मधोमध बसला, आणि मी ओळखलं की योजना मंजूर झाली.

दहा दिवसांत एकही चावा नाही. बी-सातच्या जखमा हळदीनं वाळल्या. धरणातल्या पाण्याची पातळी टिपणारा गेज रीडर मागं राहणार होता, त्याच्या बायकोनं खाणं घालायचं कबूल केलं. मी खुशीत सबनिसांना निरोप दिला, ट्रक सांगा.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्टोअरमध्ये आल्या.

"आणखी एक जागा राहिली," त्या म्हणाल्या. "खाणीकडच्या कुंपणाशी, बहाव्याखाली. तिथं जाळी हवी. जाड तारेची."

"तिथं तर एकही मांजर फिरकत नाही."

"फिरकतं."

"मी पाहिलं नाही."

"तुम्ही सगळंच पाहिलं असेल असं नाही ना."

हे मला लागलं. मी रजिस्टर पुढं ओढलं. "बरं. किती मांजरांसाठी लिहू?"

"एका."

"एका मांजराला जाळी? किती?"

"चार मीटर पुरेल."

"उभी मारायची? खुराड्यासारखी?"

"आडवी. जमिनीवर अंथरायची."

मी पेन खाली ठेवलं. "वहिनी, मांजर जाळीच्या वर राहणार की खाली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उकरतात हो तिथं. तीनदा उकरलंय. काटे टाकले तर काटे ओढून काढतात. मी इथं आहे तोवर ठीक आहे."

"पण उकरतात कशासाठी?"

"मागणीपत्रावर साहेबांची सही आणते," एवढं बोलून त्या गेल्या.

मला काही म्हणता काही कळेना. त्याच संध्याकाळी, उजेड जायच्या सुमाराला मी पंपहाऊसवरून परतत होतो. खाणीकडून आरडाओरडा ऐकू आला. पाहतो तर बहाव्याखाली वहिनी हातात बांबू घेऊन उभ्या, समोर तीन कुत्री. त्या ओरडत नव्हत्या, कुत्री ओरडत होती. वहिनी नुसता बांबू जमिनीवर आपटत होत्या, एका लयीत, घण घालावा तसा. मी दगड उचलून धावलो तेव्हा कुत्री पांगली. त्यांच्या पदराला काटे अडकले होते.

"मांजर कुठंय?" मी धापा टाकत विचारलं.

"गेलं."

"कुठल्या बाजूला? कुठलं होतं?"

"शेजवळभाऊजी, घरी जा. दिवे लागले."

मी घरी गेलो नाही. सरळ बी-अकराच्या खिडकीशी गेलो आणि टॉर्च मारला. ए-एक, बी-सात, सी-दोन, तिचं राहिलेलं पिल्लू, बाकीची तिघं. पुन्हा मोजली. सातही आत, पोत्यांवर. डोळे मिचकावत माझ्याकडं बघत होती.

मग बाई कुणाला वाचवत होत्या?

रात्रभर माझं डोकं चाललं आणि सकाळी दाढी करताना उत्तर सापडलं. तसं ते सोपंच होतं. भंडाऱ्याकडं सबनिसांना मोठं बंगलीवजा क्वार्टर मिळणार होतं, मागं परसू. कोंबड्या पाळायला जागा. जाड तारेची जाळी बाजारात घ्यायला गेलं तर महाग, आणि इथं ती मांजरांच्या नावावर मिळत होती. कुत्री आली तर तेही बरंच झालं, निमित्त पक्कं. माणसाला मी इतका ओळखतो याचं मला कौतुक वाटलं. फक्त गाल कापला.

दहाच्या सुमाराला मागणीपत्र आलं. त्यावर सबनिसांची सही पाहिली आणि माझी उरलीसुरली शंका फिटली. हा गृहस्थ मजुराच्या हातातली जुनी फावडी तपासून मगच नवी देणारा. "मांजराकरिता जाळी चार मीटर" या ओळीखाली त्यानं एका झटक्यात सही केली होती. शाईसुद्धा फिसकटली होती.

"सबनीससाहेब," मी मुद्दाम विचारलं, "हे वाचलंत ना?"

"वाचलं."

"मांजर एकच आहे म्हणतात."

"देऊन टाका, शेजवळ." त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा काढला. "ती म्हणते तेवढी देऊन टाका. आणि तिला काही विचारत बसू नका."

नवरा-बायको दोघंही सामील आहेत हे माझ्या लक्षात आलं.

मी जाळी कापून दिली. लहानूनं गुंडाळी खांद्यावर टाकली आणि खाणीच्या बाजूला चालू लागला. संध्याकाळी मी त्याला चहाला बोलावलं.

"काय रे, लावली जाळी?"

"व्हय."

"दगड ठेवलेस का वर?"

"वैनींनीच ठिवले. मला हात लावू दिला नाय."

"आणि ट्रक निघायच्या आदल्या दिवशी काढून कुठं ठेवायला सांगितलीय?"

लहानू बशीतल्या चहाकडं बघत राहिला. "काढायची कशापायी?"

"अरे, मला सांग की. मी काय वर कळवणार आहे थोडाच? पैज लाव. जाळी भंडाऱ्याला जाते की नाही बघ. गेली तर तू मला महिनाभर दूध आणून द्यायचं."

"अन् नाय गेली तर?"

"तर मी तुला नवा टॉर्च देईन. माझ्या पदरचा."

तो चहा अर्धा ठेवून उठला. याचंही तोंड बंद केलेलं दिसतंय, असं मला वाटलं. मी तेव्हापासून त्या बाजूला जाणं टाळलं, प्रश्न विचारणंही बंद केलं. चोर पकडायचा तर त्याला सावध करू नये, आणि ट्रक भरताना मी तिथं असणारच होतो.

तीस तारखेला सकाळी आठपासून मी सबनिसांच्या दारात उभा होतो. हातात क्वार्टरची यादी. बल्ब मोजले, तोट्या मोजल्या. पण डोळा सगळा सामानावर. एकेक नग ट्रकात चढत होता. गाद्यांच्या वळकट्या आल्या, तेव्हा बांधून देतो म्हणत मी दोन्ही कुशीत दाबून पाहिल्या. कापूसच होता. पत्र्याची ट्रंक हलवून पाहिली, भांडी वाजली. धान्याचं पिंप जड होतं, त्याचं झाकण उघडायला निमित्त सुचेना. ते मी शेवटी पालथं पडतंय की काय असं दाखवून सावरलं आणि आत हात घालून आलो. ज्वारी.

वर बघतो तर वहिनी दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि का ते कळेना.

"दमलात," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं कुणी केलं नाही हो आमचं. वसाहतीतल्या बायका यायच्या, काहीबाही बोलायच्या, उपास सांगायच्या, दुसरं होईल म्हणायच्या. तुम्ही मात्र जाळी दिल्यावर एका शब्दानं विचारलं नाहीत. बरं वाटलं."

मी "छे छे" म्हणालो. दुसरं होईल म्हणजे काय होईल, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी पिंपाचाच विचार करत होतो.

त्यांनी मांजरांच्या ताटल्या माझ्या हातात दिल्या. सात ताटल्या, धुऊन पुसलेल्या. "गेज रीडरच्या बायकोला नेऊन द्या. बी-सात हल्ली दुपारची बहाव्याखाली जाळीवर जाऊन झोपते. दगड उन्हानं तापतात म्हणून. तिला हाकलू नका. असू दे तिथं कुणीतरी."

"नाही हाकलणार."

सबनीस आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. खाणीच्या बाजूला त्यांनी एकदाही मान वळवली नाही. वहिनी ट्रकात चढल्या, पायरीवर एक क्षण थांबल्या, उतरतात की काय असं वाटलं. मग बसल्या. दार लागलं. ट्रक धरणाच्या भिंतीवरून दिसेनासा होईपर्यंत मी ताटल्या धरून उभा होतो.

धूळ बसताच मी लहानूला म्हणालो, "चल. आता दाखव जाळी कुठंय."

"तिथंच हाय."

"बघू तर."

बहावा त्या दिवशी नुसता पिवळा झाला होता. खाली पाकळ्यांचा थर. मला आधी काही दिसलंच नाही. मग पाकळ्यांखाली तार दिसली. जाळी जागेवर होती. चार मीटर, दुहेरी दुमडलेली, चारी कडा वीतभर खोल जमिनीत दाबलेल्या. वर दगड. धरणाच्या उतारावर रचतात ते पिचिंगचे मोठे दगड नव्हेत; नदीतले गोल, धुऊन आणलेले, एकाला एक लावून ओळीनं ठेवलेले. मधोमध बी-सात झोपली होती. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

दगडांची लांबी माझ्या नजरेनं आपोआप मोजली. दोन हात. रुंदीला हातभर.

सवयच तशी होती. मोजून झाल्यावर मग कळलं.

"पौषात," लहानू म्हणाला. तो चपला काढून लांब उभा होता. "बारा दिसांची व्हती. पोरगी. एवढुशा लेकराला जाळत नाय ना, म्हनून हितं. खड्डा म्याच काढला. आनखी खोल घ्यायचा व्हता, पर खाली मुरूम लागला, पहार चालंना. सायबांनी येक मूठ माती टाकली अन् गेले, त्ये पुन्यांदा या अंगाला आलेच नाय. मंग कुत्री उकराया लागली. वैनी रोज सांजच्याला बांबू घिऊन बसायच्या. लोकास्नी वाटायचं, मांजरामागं बसत्यात."

मी ताटल्या खाली ठेवल्या.

"फेब्रुवारीत बदली..." मी म्हणालो.

"तवाच तर. मोकळं टाकून जाया त्या तयार नव्हत्या."

वारा नव्हता, तरी पाकळ्या पडत होत्या. एक बी-सातच्या कानावर पडली. तिनं कान हलवला.

लहानू म्हणाला, "त्या दिशी तुमी चहाला बोलवून पैजंचं बोललात, तवा मला वंगाळ वाटलं. मंग रातच्याला इचार केला. म्हनलं, सायबांना ठावं हाय, मला आजमावून बघत्यात, म्या कुनाला बोलतो का त्ये. ठावं असल्याबिगर कुनी मांजरासाठी सरकारी जाळी देतं व्हय?"

तो माझ्याकडं बघत होता.

"व्हतं ना ठावं?"

"होतं," मी म्हणालो.

पैजेचा टॉर्च त्याला मी त्याच आठवड्यात आणून दिला. त्यानं तो कशाबद्दल ते विचारलं नाही.

बी-सात पुढच्या पावसाळ्यात गेली, म्हातारपणानं, बी-अकराच्या शेल्फवर. ए-एक एका दुधाच्या गाडीतून निघून गेला, कुठं ते कुणालाच कळलं नाही. बाकीची एकेक करून खालच्या गावात पांगली. माणसंही तशीच गेली. त्र्याण्णव साली वसाहत मोडीत काढायचं ठरलं तेव्हा मी आणि लहानू दोघंच होतो. तपासणीला वरून एक तरुण साहेब आला. हुशार होता, माझ्यासारखाच. रजिस्टरवर बोट ठेवत ठेवत एका ओळीवर थांबला.

"जाड तारेची जाळी, चार मीटर. सहा वर्षं तुम्ही 'वापरात आहे' लिहिताय. कुठं वापरात आहे?"

"खाणीच्या कुंपणाशी. मांजराकरिता."

"इथं तर मला एकही मांजर दिसलं नाही, शेजवळ."

दारात लहानू उभा होता. तो जमिनीकडं बघत होता.

"आहे," मी म्हणालो.

"किती?"

"एक."

त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, काय समजायचं ते समजला, आणि पुढच्या ओळीवर गेला.